दोन खुर्च्या आणि एक पावतीकाका

गुरुवारी संध्याकाळी आमच्या जिन्यात बातमी आली की पावतीकाकांना त्यांच्या साहेबाने ऑफिसात सगळ्यांसमोर पाडलं. तळमजल्यावर ते नुसतं 'पाडलं' होतं. पहिल्या मजल्यावर त्याचं 'ढकललं' झालं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत साहेबाने काकांची कॉलर धरून त्यांना उचललं होतं, आपटलं होतं, आणि सोडवायला मध्ये पडलेल्या दोघांनाही प्रसाद मिळाला होता. आमच्या जिन्यात माणसं धापा टाकत चढतात, बातमी मात्र चढताना बाळसं धरते.

"इतका गरीब माणूस हो!" शिवणकामवाल्या वहिनी गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून दारात आल्या. "हात झडोत त्या मेल्या साहेबाचे!"

तेवढ्यात समोरचं दार उघडून काकू बाहेर आल्या. हातात गरम पाण्याची रबरी पिशवी. "वहिनी, शाप जरा बेताने द्या. साहेबांचे हात झडले तर उद्या माझ्या भाजीच्या पिशव्या कोण उचलणार?"

वहिनींना काही उलगडा होईना. होणार कसा? खरी गोष्ट अशी होती की पडले ते पावतीकाकाच, आणि ज्या साहेबामुळे पडले तो साहेबही पावतीकाकाच.

आता हे नीट सांगायला हवं.

काका बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर. एकतीस वर्षं एकाच लोखंडी जाळीच्या दाराआड बसलेले. समोर स्क्रू, खिळे, पॉलिश, पुठ्ठ्याची खोकी, आणि दाराच्या फटीतून मागणाऱ्यांचे हात. पावती दिल्याशिवाय काकांनी आजवर कोणाला एक स्क्रू दिलेला नाही. हे इतकं अंगात मुरलेलं की काकूंनी डब्यातून साखर घेतली तरी त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. शेजाऱ्याने शिडी मागितली तर शिडीबरोबर चिठ्ठी येते: 'एक शिडी, नऊ पायऱ्यांची, पैकी आठ शाबूत.' म्हणून पावतीकाका. खरं नाव त्यांच्या दारावर आहे, पण ते वाचायची गरज कोणाला पडलेली नाही.

स्टोअरचे प्रमुख मागच्या वर्षी निवृत्त झाले. मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, काकांना बोलावून सांगितलं, "काका, नवीन माणूस मिळेपर्यंत प्रमुखांचंही तुम्हीच बघा." काकांनी मान डोलावली. पगार तोच राहिला, मानेला तेवढा व्यायाम झाला. नवीन माणूस काही मिळाला नाही, कारण जुना फुकटात मिळत असताना नवा शोधतो कोण?

इथवर सगळं ठीक होतं. मग आला सल्लागार.

हा तिशीचा, सडपातळ, हातात नेहमी एक जाड शाईचा पेन. कंपनी सुधारायला त्याला मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. तो आठ दिवस सगळीकडे हिंडला, प्रत्येकाला "तुम्ही नेमकं करता काय?" असं विचारून प्रत्येकाला घाबरवून सोडलं, आणि नवव्या दिवशी त्याने एक भला मोठा आराखडा काढला. वर एक चौकट, मालकांची. तिला खाली फुटलेल्या रेघा, रेघांना चौकटी, चौकटींना पुन्हा रेघा. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली. लोक त्याला चौकटवाला म्हणू लागले. आराखडा काचेच्या फ्रेममध्ये प्रवेशदारासमोर लागला, वर छोटा दिवा सोडला.

त्या आराखड्यात 'स्टोअर प्रमुख' अशी एक चौकट होती. तिच्याखाली एक रेघ होती. रेघेखाली 'स्टोअरकीपर' अशी दुसरी चौकट होती. दोन्हींत काकांचं नाव.

फोरमन काकांचा जुना दोस्त. त्याने फ्रेमसमोर उभं राहून डोकं खाजवलं. "पावत्या, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर तलवार एक आणि म्यानं दोन!"

काका एचआरच्या मॅडमकडे गेले. त्यांनी संगणकात बघितलं. "काका, आता दोन माणसांची नोंद झालीय. एकाला काढायचं तर कमी का केलं त्याचं कारण भरावं लागेल. कोणाला काढू, सांगा?"

काकांना दोघांपैकी कोणाचंच वाईट करवेना. चौकटवाला तर म्हणाला, "आराखडा बरोबर आहे. माणसांनी आराखड्यात बसायला शिकायला हवं." मग मॅडमनी काकांना गळ्यात अडकवायची दोन ओळखपत्रं दिली. चेहरा तोच, फक्त प्रमुखांच्या फोटोत काका हसत नव्हते.

दुसरा कोणी असता तर दोन्ही पत्रं खिशात घालून गप्प बसला असता. पण काका पडले सरळमार्गी. जे कागदावर आहे ते जमिनीवर दिसलं पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांनी स्टोअरमध्ये दोन खुर्च्या मांडल्या. एक बिनहातांची, स्टोअरकीपरची. दुसरी हातांची, जुन्या प्रमुखांची. तिच्यावर प्रमुखांचा कोट. त्या कंपनीत प्रमुख लोकांना राखाडी कोट मिळतो आणि हजेरीपुस्तकात सही करावी लागत नाही. खुर्चीच्या पाठीवर कोट दिसला की प्रमुख हजर, अशी तिथली जुनी रीत. मग प्रमुख कँटीनमध्ये असोत, की गच्चीवर उन्हाला बसलेले असोत. कोट आहे ना? मग झालं.

काका सकाळी येत, स्टोअरकीपर म्हणून पुस्तकात सही करत, मग कोट घालून हातांच्या खुर्चीत बसत आणि स्टोअरकीपर वेळेवर आला का ते तपासत. खाली बसून निळ्या शाईने मागणी लिहायची, उठायचं, कोट चढवायचा, चष्मा बदलायचा, आणि वर बसून लाल शाईने शेरा मारायचा. दर सोमवारी दहा वाजता विभागाची बैठक. विषयपत्रिका, चर्चा, ठराव. चहा दोन कप, कारण मीटिंगला दोन जण. हजेरी कायम शंभर टक्के. सहा महिन्यांत विभागात एकही भांडण नाही, एकही तक्रार नाही. वर्षाअखेरीला 'उत्कृष्ट सांघिक कार्य' म्हणून कंपनीने स्टोअर विभागाला चषक दिला. तो घ्यायला काका मंचावर दोनदा गेले.

काकूंनी तो चषक घरी आणल्यावर त्यात लिंबं ठेवली.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण मुलीचा फोन आला. काकांची एकुलती एक लेक, दूर दुसऱ्या शहरात राहणारी. तिची मुलगी तीन महिन्यांची. काका-काकूंनी नात अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलेली, तीही अर्धी, कारण जावई फोन धरताना नेहमी पंखाच जास्त दाखवायचा. आता जावयाला परदेशात काम लागलं होतं. महिन्याच्या तीस तारखेला तिघं विमानाने जाणार, आणि तीन वर्षं तरी परतायचं नाव नाही.

"बाबा, दहा दिवस तरी या," लेक म्हणाली. "नंतर ती चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि तुम्ही कोण असं मला विचारेल."

काकूंनी त्याच दिवशी अठरा तारखेची रेल्वेची दोन तिकिटं काढली. काका नातीसाठी लाकडाची छोटीशी पेटी करू लागले, बाहुलीचे कपडे ठेवायला. तिला अर्ध्या इंचाच्या दोन पितळी बिजागऱ्या हव्या होत्या. स्टोअरकीपरने नमुन्याच्या खोक्यातल्या दोन मागितल्या. प्रमुखांनी लाल शाईत लिहिलं, 'खाजगी वापर. नामंजूर.' शेवटी काकांनी बाजारात जाऊन दुसऱ्याच कंपनीच्या बिजागऱ्या आणल्या. त्या बसवताना मान खाली घालून इकडेतिकडे बघत होते, चोरी केल्यासारखे.

आणि मग त्यांनी रजेचा अर्ज टाकला.

खालच्या खुर्चीत बसून टाकला, वरच्या खुर्चीत बसून वाचला. प्रमुखांना कारण पटलं. नात म्हणजे काय, त्यांना कळत होतं. पेन उचलला. तेवढ्यात त्यांना कंपनीच्या नियमपुस्तकातला सतरावा नियम आठवला: एका विभागातल्या दोन माणसांना एकाच वेळी रजा मिळणार नाही.

आठवायचं विशेष कारण होतं. तो नियम काकांनीच सुचवला होता. वीस वर्षांपूर्वी स्टोअरचे दोन मदतनीस एकाच दिवशी गायब झाले आणि कारखाना दुपारपर्यंत स्क्रूवाचून बंद पडला, तेव्हा. मोठ्या साहेबांच्या वडिलांनी त्याबद्दल काकांचा हात हातात घेऊन दाबला होता. तो हात काकांनी दोन दिवस धुतला नव्हता, असं फोरमन सांगतो. काकू सांगतात, चार दिवस.

म्हणजे स्टोअरकीपर रजेवर गेला तर प्रमुखांनी थांबायला हवं, आणि प्रमुख गेले तर स्टोअरकीपरने. दोघं एकदम जाऊ शकत नाहीत. आणि एकेकटं जायचं तर दोघांत मिळून पाय दोनच! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. प्रमुखांनी जड हाताने लिहिलं, 'नामंजूर. नियम सतरा.'

स्टोअरकीपरने ते वाचलं आणि त्याला इतका राग आला की त्याने त्या सोमवारी बैठकीत प्रमुखांना चहाच दिला नाही.

"घरी काय सांगू मी?" काकांनी फोरमनला विचारलं.

"अरे, तूच साहेब, तूच नोकर. मार की एक सही!"

"मी कसा मारू? सही त्यांची आहे."

"आणि ते कोण आहेत?"

"ते मीच. पण नियमाला धरून आहेत. माणूस वाईट नाही, फक्त हट्टी आहे."

"हे तू कोणाला सांगतोयस?" फोरमन म्हणाला. "मी एकतीस वर्षं ओळखतो त्याला."

काका मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, विभागाच्या आतली बाब विभागातच मिटवायची, आराखडा तसं सांगतो. काका मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी मोबाइलवरून डोळे न काढता विचारलं, "तुमचे प्रमुख काय म्हणतात?"

"नाही म्हणतात."

"मग प्रमुखांवर विश्वास ठेवा ना. चषक मिळालाय तुम्हाला!"

चौकटवाला त्या वेळी पुन्हा आलेला होता. स्टोअर विभागात तेढ आहे, दोन सहकारी एकमेकांशी बोलत नाहीत, हे मॅडमनी त्याच्या कानावर घातलं. त्याचा चेहरा उजळला. गुरुवारी दुपारी जेवणघरातली टेबलं बाजूला सारून त्याने 'परस्पर विश्वास' नावाचं शिबिर ठेवलं. जोडीजोडीने उभं राहायचं. एकाने डोळे मिटून, हात छातीवर घेऊन, काठीसारखं मागे पडायचं. मागच्या सहकाऱ्याने झेलायचं.

पॅकिंगच्या दोघी पडल्या, झेलल्या गेल्या, हसल्या. रंगकाम विभाग पडला, झेलला गेला. मग चौकटवाल्याने यादी वाचली. "स्टोअर विभाग! स्टोअरकीपर पुढे, प्रमुख मागे."

काका पुढे झाले. फोरमन ओरडला, "अरे पावत्या, थांब, मी येतो मागे!"

"तुम्ही दुसऱ्या विभागाचे," चौकटवाला म्हणाला. "इथे आपल्या वरिष्ठावरचा विश्वास महत्त्वाचा. काका, आहे ना विश्वास?"

काकांनी क्षणभर विचार केला. प्रमुखांनी रजा नाकारली होती हे खरं, बिजागऱ्या नाकारल्या हेही खरं. पण ऐन वेळी अंग काढून घेणाऱ्यांतले ते नव्हेत, हे काका छातीवर हात ठेवून सांगू शकत होते. हात छातीवर होतेच.

"आहे," काका म्हणाले, आणि डोळे मिटून पडले.

जेवणघराच्या भांड्यांनी त्या आवाजाला साथ दिली म्हणतात.

डॉक्टरांनी कंबरेला पट्टा बांधून आठवडाभर विश्रांती लिहून दिली. शुक्रवारी सकाळी काका पट्टा बांधून निघाले ते बघून वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"अहो, विश्रांती सांगितलीय ना?" काकूंनी दार अडवलं.

"ती स्टोअरकीपरला सांगितलीय. पडला तो. प्रमुखांना काही झालेलं नाही."

"आणि त्यांची कंबर?"

"कागदोपत्री ठणठणीत आहे."

काका कण्हत जिना उतरले. काकू दारातच उभ्या राहिल्या. आत पलंगावर लाकडाची पेटी होती, तिच्यावर रेल्वेची दोन तिकिटं. त्या दिवशी तारीख तेरा. काकूंनी साडी बदलली, पर्स घेतली, आणि वहिनींना म्हणाल्या, "गॅसवर डाळ आहे, लक्ष ठेवा. मी जरा ह्यांच्या साहेबांना भेटून येते."

कारखान्यात काकू कधी गेल्या नव्हत्या. प्रवेशदारासमोरचा तो आराखडा त्यांनी दिव्याखाली नीट वाचला, दोन्ही चौकटींवर बोट ठेवलं, आणि विचारत विचारत स्टोअरमध्ये पोचल्या. काका कोट घालून हातांच्या खुर्चीत ताठ बसले होते. वाकता येत नव्हतं म्हणून ताठ. जाळीपलीकडे फोरमन स्क्रूच्या निमित्ताने उभा राहिला आणि पुढचं सगळं त्याने कानांनी टिपलं.

"अगं, तू इथे?"

"अगं-तुगं काय करता? मी काय तुमच्या घरची आहे?" काकू बिनहातांच्या खुर्चीत बसल्या. "नमस्कार साहेब. मी तुमच्या स्टोअरकीपरची बायको."

काका गोंधळले. मग कोटाची बटणं लावली. "बोला बाई. काय काम होतं?"

"तक्रार आहे, त्याच्याबद्दल. माणूस एकतीस वर्षं तुमच्याकडे राबतोय. लग्नानंतर मला चार दिवस फिरायला नेणार होता, ते अजून चाललंय. मुलगी झाली तेव्हा खिळ्यांचा माल आला होता. तिचं लग्न ठरलं तेव्हा पॉलिशचे डबे मोजायचे होते. मी म्हटलं, जाऊ दे, कामाचा माणूस आहे. पण आता नात जातेय, साहेब. तीन वर्षांनी येईल तेव्हा तिच्या दृष्टीने हा म्हणजे कोण? भिंतीवरचं कॅलेंडर!"

काका खाली बघू लागले. "बाई, मला वाईट वाटतं. पण नियम आहे. दोघांना एकदम सोडता येत नाही."

"दोघांना कोण म्हणतंय?" काकू पुढे सरकल्या. "साहेब, एक विचारू? तुम्हाला नात आहे?"

 काकांनी कपाटातून प्रमुखांची फाइल काढली, उघडली. नेमणुकीच्या अर्जातला कुटुंबाचा रकाना मॅडमनी कोराच ठेवला होता. काकांनी त्या कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. 

"नाही बाई," ते म्हणाले. "मला कोणी नाही."

"मग तुम्हाला जायचं कारणच काय? तुम्ही बसा इथे निवांत. ज्याला नात आहे त्याला सोडा."

 मग काकांनी लाल शाईचा पेन उचलला, जुना अर्ज काढला, 'नामंजूर' वर एक सरळ रेघ मारली, आणि खाली लिहिलं: 'दहा दिवस मंजूर. प्रमुख जागेवर राहतील.' खाली पल्लेदार सही.

"उपकार झाले साहेब," काकू उठल्या. "आणि तो कोट साहेबांचा ना? मग तो इथेच राहू दे."

काकांनी अठरा तारखेला गाडी पकडायच्या आधी कारखान्यात जाऊन कोट हातांच्या खुर्चीवर नीट अडकवला, खांदे झटकले, वरचं बटण लावलं. प्रमुखांचं ओळखपत्र खिशाला टाचलं. निघताना त्या खुर्चीला "येतो साहेब" म्हणाले, अशी फोरमनची पुस्ती आहे, आणि ती खोटी वाटत नाही.

कोटाने काम चोख केलं. लोक जाळीपाशी येत, कोट बघत, "साहेब इथेच कुठेतरी असतील" म्हणून कागद टेबलावर ठेवून जात. स्क्रू फोरमन देत होता, पावत्यांसकट. सोमवारी दहा वाजता चहावाल्याने सवयीने दोन कप ठेवले. मंगळवारी मोठे साहेब फेरीवर आले, जाळीबाहेरून "काय, कसं चाललंय?" म्हणाले, आणि उत्तर यायच्या आत पुढे गेले. चौकटवाल्याने तर आपल्या अहवालात लिहिलं की शिबिरानंतर स्टोअर प्रमुखांच्या वागण्यात मोठा फरक पडला आहे. ते आता शांत असतात आणि कोणाच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत.

आठव्या दिवशी मात्र खरेदीच्या दोन कागदांवर प्रमुखांच्या सह्या हव्या झाल्या. मॅडम स्टोअरमध्ये गेल्या, कोटाशी दोन वाक्यं बोलल्या, तिसऱ्या वाक्याला दचकल्या, आणि धावत येऊन त्यांनी फोन लावला.

तिकडे दूरच्या शहरात दुपारची वेळ होती. लेकीच्या बैठकीच्या खोलीत अर्ध्या भरलेल्या सुटकेसी पसरल्या होत्या. काका सतरंजीवर पट्टा बांधून उताणे पडले होते आणि त्यांच्या छातीवर नात पालथी झोपली होती. पितळी बिजागऱ्यांची पेटी उशाशी उघडी होती, आणि तिच्यात बाहुलीच्या कपड्यांऐवजी काकांचे दोन्ही चष्मे. नातीने एका मुठीत काकांच्या बनियनचा गळा धरलेला, सोडायचं नाव नाही. काकूंनी फोन त्यांच्या कानाला लावला.

"काका, कुठे आहात तुम्ही?" मॅडम ओरडल्या. "प्रमुखांच्या सह्या हव्यात, मोठे साहेब समोर बसलेत!"

काका कुजबुजले, "मॅडम, मी स्टोअरकीपर बोलतोय, माझी रजा मंजूर आहे. सहीचं प्रमुखांना विचारा, ते खुर्चीवर आहेत. आणि जरा हळू बोला, आमच्या साहेब आत्ताच झोपल्यात."